हाती नसलेलं विकताना

हॉलंडमध्ये समुद्राच्या अंगाला एग्मंड नावाचं गाव आहे. आयझॅक ल मेअर नावाचा एक व्यापारी तिथे पुरलेला आहे. तो २० सप्टेंबर १६२४ रोजी वारला. कबरींवरचे मजकूर वाचायची मला जुनी खोड आहे. आमच्याकडच्या कबरींवर बहुधा एखादी आयत असते, नाव असतं, हिजरी सन असतं, आणि वाचणाऱ्याने दुआ करावी अशी विनंती असते. या ल मेअरच्या दगडावर मात्र तोटा कोरलेला आहे. जगभर व्यापार करताना देवाने या माणसाला इतकी सुबत्ता दिली की तीस वर्षांत दीड लाखाहून अधिक गिल्डर त्याने गमावले, फक्त अब्रू तेवढी गमावली नाही, अशा अर्थाचा तो मजकूर आहे. तोट्याचा आकडा सांगणारी दुसरी कबर मला माहीत नाही.

हा ल मेअर म्हणजे शेअरबाजाराच्या इतिहासातला पहिला नामांकित मंदीवाला. ‘शॉर्ट सेलिंग’ हा शब्द आज वर्तमानपत्रांत वारंवार दिसतो. २०२३ च्या जानेवारीत तर तो चहाच्या टपरीवरही ऐकू आला. पण ज्या गोष्टीला हे नाव आहे ती गोष्ट चारशे वर्षांहून जुनी आहे. मी अर्थशास्त्राचा माणूस नव्हे, बी.ए. केलं तेही भाषा घेऊन. तरी या गोष्टीत मला रस वाटतो. तिच्या मुळाशी ‘उसनं’ हा एक साधा शब्द आहे, आणि उसन्याचे व्यवहार आपल्या सगळ्यांच्या घरांत झालेले आहेत.

समजा, शेजारणीकडून तुम्ही दहा किलो तांदूळ उसने आणले. बाजारात आज भाव आहे साठ रुपये किलो. तुमचा अंदाज असा की महिन्याभरात नवा तांदूळ येईल आणि भाव पडेल. तुम्ही ते उसने तांदूळ आजच विकून टाकता आणि सहाशे रुपये खिशात घालता. महिन्याने भाव पन्नासवर येतो. तुम्ही पाचशे रुपयांत दहा किलो तांदूळ घेता आणि शेजारणीला परत करता. तिचे तांदूळ तिला मिळाले, तुम्हाला शंभर रुपये सुटले. शॉर्ट सेलिंग ते एवढंच. तांदळाच्या जागी कंपनीचा शेअर ठेवायचा. बाजारात याला मंदीची विक्री म्हणतात आणि ती करणाऱ्याला मंदीवाला.

आता दुसरी बाजू. नवा तांदूळ आलाच नाही आणि भाव नव्वदवर गेला, तर? शेजारीण दारात उभी राहते. तिला पैसे नकोत, तांदूळ हवेत. शेअर विकत घेणाऱ्याचं नुकसान फार तर त्याने घातलेल्या पैशांइतकं होतं. भाव शून्याच्या खाली काही जात नाही. मंदीवाल्याच्या नुकसानीला अशी हद्द नाही, कारण भाव वर कुठवर जाईल ते कुणाच्या हाती नसतं. त्यामुळे हा धंदा दुबळ्या काळजाच्या माणसाचा नव्हे.

ल मेअरचं काळीज दुबळं नव्हतं. त्याचा जन्म तूर्ने या गावचा. अँटवर्पमध्ये त्याचा व्यापार होता. १५८५ मध्ये स्पॅनिश फौजेने ते शहर घेतलं तेव्हा हजारो प्रॉटेस्टंट उत्तरेकडे निघाले, त्यांत हाही ॲमस्टरडॅमला आला. त्याला बावीस मुलं झाली असं सांगतात. १६०२ च्या मार्चमध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. वेंगुर्ल्याला ज्या डच वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत, ती वखार याच कंपनीची. कंपनीचं भांडवल सुमारे ६४ लाख गिल्डर होतं आणि ते कुणाही रहिवाशाकडून घेतलं जात होतं. ॲमस्टरडॅममध्ये डिर्क फान ओस या संचालकाच्या घरी नावनोंदणीची वही ठेवलेली होती. एकट्या ॲमस्टरडॅमात अकराशेहून अधिक लोकांनी तीत नावं लिहिली. अगदी शेवटच्या घटकेला त्या घरातल्या मोलकरणीने, नेल्टखेन कोर्नेलिसने, आपले १०० गिल्डर लावले. आणि त्याच वहीत ल मेअरच्या नावापुढे ८५,००० गिल्डर होते. ॲमस्टरडॅममध्ये एवढी रक्कम दुसऱ्या कुणीच लावली नव्हती.

त्याआधी जहाजांच्या सफरीत पैसे घालायची रीत अशी होती की जहाज परतलं, माल विकला, हिशेब झाला, की ज्याचे त्याला पैसे परत. या कंपनीत तसं नव्हतं. पैसा दहा वर्षं अडकणार होता. मधेच कुणाला गरज पडली तर त्याने आपला हिस्सा दुसऱ्याला विकावा, कंपनीच्या कचेरीत जाऊन कारकुनासमोर नाव बदलून घ्यावं, एवढी सोय होती. या सोयीतून जगातला पहिला शेअरबाजार उभा राहिला. लवकरच लोक पुढच्या तारखेचे सौदे करू लागले: आज भाव ठरवायचा आणि वर्षाने शेअर द्यायचा. शेअर द्यायचा वर्षानेच असेल, तर आज तो हाती असायची गरज काय, हा प्रश्न कुणाला तरी पडणारच होता.

ल मेअर कंपनीचा संचालकही होता. १६०५ मध्ये खर्चाच्या हिशेबावरून त्याचा इतर संचालकांशी तंटा झाला. त्याला मंडळ सोडावं लागलं. वर कंपनीच्या हद्दीत आपण स्वतंत्र व्यापार करणार नाही, असंही त्याच्याकडून कबूल करून घेण्यात आलं. त्याची हद्द होती आफ्रिकेच्या टोकापासून पुढचा सगळा पूर्व. बावीस मुलांच्या बापाला आणि एवढ्या महत्त्वाकांक्षी माणसाला ते किती झोंबलं असेल!

२४ जानेवारी १६०९ रोजी त्याने योहान फान ओल्डेनबार्नेफेल्ट या तिथल्या सर्वांत वजनदार मुत्सद्द्याकडे एक तक्रारअर्ज धाडला. त्याचं म्हणणं असं, की कंपनीला एवढ्या मोठ्या मुलखाचा मक्ता दिलेला आहे, पण ती स्वतः सगळीकडे जात नाही आणि दुसऱ्याला जाऊ देत नाही. लोकांचे पैसे अडकून पडलेत आणि ते बाहेर काढायची वाट नाही. भागधारकाने कंपनीच्या कारभाराला विचारलेला हा इतिहासातला पहिला लेखी जाब, असं अभ्यासक मानतात. पण गंमत पाहा. एका हाताने हा अर्ज लिहीत असतानाच दुसऱ्या हाताने तो फ्रान्सच्या राजाशी नवी प्रतिस्पर्धी कंपनी काढायची बोलणी करत होता. आणि त्याच सुमाराला त्याने आणखी आठ जणांना घेऊन एक गुप्त मंडळी उभी केली. तिचं काम एकच: हाती नसलेले शेअर पुढच्या तारखांना विकत सुटायचं आणि भाव पाडायचा.

भाव पडला. कधीकाळी मूळ किमतीच्या दुपटीपर्यंत गेलेला शेअर १६१० च्या सुरुवातीपर्यंत १३० टक्क्यांच्याही खाली आला. तो किती या मंडळींमुळे पडला आणि किती कंपनीच्या स्वतःच्या करणीमुळे, हे सांगणं कठीण आहे. युद्धावरचा खर्च वाढलेला होता आणि सात वर्षं होऊनही कंपनीने भागधारकांच्या हातावर एक दमडी लाभांश ठेवलेला नव्हता.

संचालक सरकारदरबारी धावले. त्यांनी जो युक्तिवाद केला तो चारशे वर्षांत जराही जुना झालेला नाही. हे लोक खोट्या अफवा पिकवतात, कंपनीचं नाव बद्दू करतात, शत्रूला मदत करतात. आणि यात भरडले जातात कोण, तर विधवा आणि अनाथ मुलं, ज्यांची पुंजी या शेअरांत आहे. मंदीवाल्यांच्या बाजूनेही उत्तर गेलं. भाव पडतो तो कारभार वाईट आहे म्हणून; आणि विधवा-अनाथांची एवढी काळजी असेल तर आधी हिशेब दाखवा.

दोघांच्या बोलण्यात तथ्य होतं आणि दोघांचाही हेतू शुद्ध नव्हता, असं माझं मत. मंदीवाल्यांच्या टोळीतल्या एकाने तर कंपनीच्या हिशेबनिसाला हाताशी धरून नसलेल्या शेअरांच्या नोंदी वहीत करून घेतल्या होत्या, तेही उघडकीला आलं. तेव्हा ल मेअरला सत्याचा कैवारी ठरवायचं काही कारण नाही. पण हिशेब दाखवा, ही मागणी कोण करतो आहे यावरून ती खोटी ठरत नाही. आणि ही मागणी संचालकांनी टाळली. त्यांनी मागितला तो कायदा, आणि त्यांना तो मिळालाही.

२७ फेब्रुवारी १६१० रोजी फर्मान निघालं. ज्याच्याकडे शेअर नाही त्याने तो विकू नये. आणि विकला तर महिन्याभरात कंपनीच्या वहीत रीतसर नाव बदलून द्यावं. शॉर्ट सेलिंगवर बंदी घालणारा हा जगातला पहिला कायदा. डच भाषेत अशा विक्रीला लोक ‘कोरी विक्री’ म्हणत, म्हणजे कोऱ्या कागदावरची. पुढे या सगळ्याच सट्ट्याला ‘वाऱ्याचा व्यापार’ असं नाव पडलं. हे नाव मला फार आवडतं, कारण ते देणारे लोक शिडांच्या जहाजांचे होते. त्यांचा खरा व्यापारही वाऱ्यावरच चाले.

मंदीवाल्यांचं कंबरडं मोडलं ते मात्र फर्मानाने नव्हे, मसाल्याने. १६१० च्या एप्रिलमध्ये कंपनीने पहिला लाभांश जाहीर केला. तो भरघोस होता, मूळ रकमेच्या ७५ टक्के. पण रोख नव्हे, जायपत्रीच्या रूपात! जिची दोन पाकळ्यांइतकी चिमूट आपल्या बिर्याणीला पुरते, ती जायपत्री पोत्यांनी घरी न्या, असं भागधारकांना सांगण्यात आलं. त्याच वर्षाअखेरी मिरी देण्यात आली. एवढा मसाला एकदम बाजारात आल्यावर त्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार? तरीही शेअरचा भाव सावरला, आणि ज्यांनी स्वस्तात विकून ठेवलं होतं त्यांना महाग घेऊन द्यायची पाळी आली. टोळीतल्या काहींचं दिवाळं निघालं. ल मेअर ॲमस्टरडॅम सोडून एग्मंडला जाऊन राहिला.

त्याचं वैर तिथेही शमलं नाही. कंपनीच्या मक्त्यात न येणारी पूर्वेची नवी वाट शोधायला त्याने आपल्या मुलाला, याकोबला, १६१५ मध्ये समुद्रावर पाठवलं. याकोब आणि त्याचा साथी स्काउटेन यांनी जानेवारी १६१६ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घातला. युरोपीय जहाजांना ही वाट तोवर ठाऊक नव्हती. ते जावा बेटावर पोहोचले तेव्हा कंपनीच्या अधिकाऱ्यांनी, मक्ता मोडला म्हणून, त्यांचं जहाज जप्त केलं. याकोब परतीच्या वाटेवर दगावला. बापाने खटला लढवून जहाज आणि मालाची भरपाई मिळवली. पोरगा गेला तो गेलाच.

कंपनीचं काय झालं? सनदेप्रमाणे १६१२ मध्ये, दहा वर्षं भरल्यावर, तिने सर्वांसमोर हिशेब ठेवायचा होता. तो तिने ठेवला नाही आणि सरकारनेही सवलत दिली. १६२२ मध्ये भागधारकांचा धीर सुटला. त्यांनी पत्रकं छापली. हे भागधारक मंदीवाले नव्हते, पैसे गुंतवून मुकाट बसलेले साधे लोक होते. कंपनीच्या हिशेबाच्या वह्यांना डुकराची चरबी फासून त्या कुत्र्यांपुढे टाकलेल्या दिसतात, असा टोमणा त्यांच्या पत्रकात होता. बारा वर्षांपूर्वी संचालक ज्या विधवा-अनाथांचं नाव घेत होते, त्यांच्याच जातकुळीतली ही माणसं.

इथे मला एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते. जे आपल्यापाशी नाही ते विकू नये, अशी पैगंबरसाहेबांची शिकवण हदीसमध्ये आहे. लहानपणी मदरशात किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ती बहुतेक मुसलमान मुलांच्या कानांवर पडते. शॉर्ट सेलिंगला शरियतीचे बहुतेक जाणकार नाही म्हणतात ते या आधारावर. पण याच शरियतीने एक अपवादही ठेवलेला आहे. शेतकऱ्याने अजून न पिकलेलं धान्य आगाऊ विकायला तिची हरकत नाही. अट एवढीच की माल, माप आणि तारीख आधी पक्की ठरलेली असावी आणि पूर्ण पैसे आधी हातात पडावेत. याला ‘सलम’ म्हणतात. म्हणजे ‘हाती नाही’ एवढ्यावर निकाल होत नाही. घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते स्पष्ट दिसतंय की त्याला अंधारात ठेवलंय, हे त्या शास्त्रकारांनी पाहिलं. ॲमस्टरडॅमच्या फर्मानात ही बारकाई नव्हती.

त्यामुळे ते फर्मान चाललंही नाही. सतराव्या शतकात तेच ते पुन्हा पुन्हा काढावं लागलं, यावरूनच ते किती पाळलं जात होतं ते कळतं. कोरे सौदे चालूच राहिले, फक्त त्यांना कोर्टाचा आधार राहिला नाही. हरलेल्या माणसाला वाटलं तर तो फर्मानाकडे बोट दाखवून म्हणू शकत होता, हा सौदाच बेकायदा, मी देणं लागत नाही. पण असं म्हणणाऱ्याशी दुसऱ्या दिवशी कुणी सौदा करत नसे. कायद्याने अमान्य ठरवलेला एक अख्खा बाजार शंभर वर्षांहून अधिक काळ निव्वळ शब्दावर उभा होता. आपल्या भाषेत ‘पत’ या एका शब्दात उधारीही येते आणि इभ्रतही येते. ल मेअरच्या दगडावरची ती अब्रू मला तेव्हा कळली. हरलो, पण देणं चुकवलं नाही, असं तो सांगतो आहे.

या बाजारावरचं पहिलं पुस्तक एका साहित्यिकाने लिहिलं, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. योसेफ दे ला व्हेगा हा ॲमस्टरडॅमचा ज्यू लेखक. १६८८ मध्ये त्याने स्पॅनिश भाषेत संवादांचं एक पुस्तक छापलं; तत्त्वज्ञ, व्यापारी आणि शेअरवाला असे तिघे त्यात बोलत बसतात. तेजीवाल्यांना त्या बाजारात ‘प्रेमी’ म्हणत, असं व्हेगा सांगतो. त्यांचं देशावर, सरकारवर, कंपनीवर प्रेम असतं. मंदीवाल्यांना म्हणत ‘सुरुंगवाले’, खालून भुयार खणणारे. नावं ठेवतानाच पक्षपात झालेला आहे. ज्याला भाव चढायला हवाय तो प्रेमी आणि ज्याला शंका आहे तो घातकी. इंग्रजीत मंदीवाल्याला अस्वल म्हणतात, तेही कातड्याच्या व्यापारावरून; अस्वल मारायच्या आधीच त्याचं कातडं विकणारा, तो अस्वलवाला. आपल्याकडे बाजारात तुरी असतात आणि भांडण घरात चालतं, तशातलाच तो प्रकार.

आता मुंबईकडे येऊ. दलाल स्ट्रीटवर ही सगळी कला पूर्वीपासून होती आणि तिला ‘बदला’ म्हणत. बाजाराची बोली गुजराती, त्यामुळे शब्दही तिचे. दर पंधरवड्याला सौद्यांचा हिशेब होई. शेअर घेतला पण पैसे नाहीत, अशा तेजीवाल्याने व्याजासारखी एक रक्कम द्यावी आणि सौदा पुढच्या पंधरवड्यावर ढकलावा, हा बदला. पण कधी उलट व्हायचं. मंदीवाल्यांनी एवढं विकून ठेवलेलं असायचं की शेअरांचाच तुटवडा पडे. मग मुदतवाढीसाठी मंदीवाल्याला घेणाऱ्याकडे पैसे भरावे लागत. त्याला ‘उंधा बदला’ म्हणत, म्हणजे उलटा. मराठी माणसाच्या कानाला ‘बदला’ शब्दात सूडही ऐकू येतो. १९८२ मध्ये तो तसाच ऐकू आला.

रिलायन्स टेक्स्टाइल ही तेव्हा काही वर्षांपूर्वीच बाजारात आलेली कंपनी. धीरूभाई अंबानींनी हजारो लहान गुंतवणूकदार गोळा केले होते. १८ मार्च १९८२ रोजी तिच्या शेअरवर मंदीवाल्यांनी हल्ला चढवला. या हल्ल्यामागे कलकत्त्याचे दलाल होते, असं त्या वेळपासून सांगितलं जातं. अर्ध्या-पाऊण तासात साडेतीन लाखांच्या आसपास शेअर विकले गेले आणि भाव १३१ रुपयांवरून १२१ वर आला. हाती शेअर नसताना विकायचे, भाव आणखी पडला की उचलायचे, असा त्यांचा बेत. पण समोरून खरेदी सुरू झाली. स्वतःला रिलायन्सचे मित्र म्हणवणारे दलाल येईल तो शेअर घेत सुटले. मंदीवाले विकत राहिले, हे घेत राहिले. एप्रिलअखेर विक्री अकरा लाखांच्या घरात गेली. त्यातले साडेआठ लाखांच्या आसपास या मित्रांनीच घेतलेले होते.

३० एप्रिल हा बदल्याचा शुक्रवार. मंदीवाल्यांना वाटलं होतं की घेणाऱ्यांकडे एवढा पैसा असणार नाही, तेच मुदत मागतील. पण घेणारे म्हणाले, पैसे तयार आहेत, शेअर आणा. मुदत हवी असेल तर उंधा बदला भरा, आणि त्यांनी त्याची रक्कम एवढी सांगितली की मंदीवाल्यांनी ती नाकारली. तंटा मिटेना, तेव्हा मुंबईचा शेअरबाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. मग मंदीवाल्यांची माणसं मिळेल तिथून, मिळेल त्या भावाने रिलायन्सचा कागद गोळा करू लागली. मे महिन्यात भाव दोनशेच्या वर गेला.

पुढच्या वर्षी संसदेत प्रश्न निघाले. रिलायन्समध्ये परदेशातल्या भारतीयांच्या ज्या कंपन्यांनी पैसे घातले होते त्यांची नावं बाहेर आली: क्रोकोडाइल, फियास्को आणि लोटा. कवीलाही सुचली नसती अशी नावं! रिझर्व्ह बँकेच्या चौकशीत बेकायदा काही आढळलं नाही. मला त्या वादात शिरायचं नाही. मला खुपते ती दुसरी गोष्ट. अकरा लाख शेअर, जे विकणाऱ्यांपाशी नव्हते, ते बाजारात विकले गेले होते, आणि हा आकडा बाहेरच्या कुणालाच ठाऊक नव्हता. ज्यांनी पंधरा-वीस शेअर आयुष्यभराच्या बचतीतून घेतले होते, त्यांना आपल्या कागदाचा भाव आज दहा रुपयांनी का पडला आणि महिन्या-दीड महिन्यात ऐंशी रुपयांनी का चढला, हे कळायला काही मार्ग नव्हता.

त्या आकड्याला आज ‘शॉर्ट इंटरेस्ट’ म्हणतात. इथे इंटरेस्ट म्हणजे व्याज नव्हे. एखाद्या कंपनीचे जेवढे शेअर उसने घेऊन विकले गेलेत आणि अजून परत करायचे बाकी आहेत, त्यांची ती बेरीज. तांदळाच्या भाषेत, सगळ्या आळीत मिळून किती उसनं फेडायचं राहिलंय, तो आकडा. त्याला रोजच्या उलाढालीने भागलं की आणखी एक गोष्ट कळते. दहा लाख शेअर फेडायचे आहेत आणि रोज सरासरी दोन लाखच विकले जातात, तर सगळ्या मंदीवाल्यांना बाहेर पडायला किमान पाच दिवस लागतील. दार अरुंद आणि माणसं फार, असं ते असतं. आकडा मोठा असला की दोन अर्थ निघतात. एक, पुष्कळ जाणत्या लोकांना या कंपनीत काही तरी कुजलेलं दिसतंय. दुसरा, भाव जरा वर गेला तरी हे सगळे एकदम खरेदीला धावतील आणि त्यांच्या धावण्यानेच भाव भडकेल. यांतला कोणता खरा, ते आकडा सांगत नाही. नवशिके इथेच फसतात.

दुसऱ्या अर्थाचा मोठा नमुना २००८ मध्ये जर्मनीत दिसला. फोक्सवॅगनच्या एकूण शेअरांपैकी बारा टक्क्यांच्या आसपास मंदीवाल्यांनी विकून ठेवले होते. २६ ऑक्टोबरला, रविवारी, पोर्शे कंपनीने जाहीर केलं की आपल्याकडे ४२.६ टक्के शेअर आहेत आणि आणखी ३१.५ टक्क्यांवर करारांनी आपला हक्क आहे. वीस टक्के तिथल्या राज्य सरकारकडे होते. म्हणजे बाजारात उरले जेमतेम सहा टक्के, आणि फेडायचे होते त्याच्या दुप्पट. दोनशे युरोंच्या थोडा वर असलेला भाव मंगळवारी हजार युरोंच्या पलीकडे गेला. जगभर बाजार कोसळत असताना ती मोटार कंपनी काही तासांपुरती जगातली सर्वांत मौल्यवान कंपनी ठरली.

पहिल्या अर्थाचा नमुना म्हणजे एन्रॉन. दाभोळमुळे ती आपल्या महाराष्ट्राच्या चांगलीच ओळखीची. न्यूयॉर्कचा जिम चॅनोस हा मंदीवाला २००० सालच्या अखेरीपासून तिचे शेअर उसने घेऊन विकत होता. त्याने अफवा पिकवल्या नाहीत. कंपनीने स्वतःच छापलेले ताळेबंद आणि त्यांतल्या तळटीपा वाचल्या. मोठमोठे विश्लेषक तेव्हा तो शेअर घ्या म्हणून सांगत होते. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आपल्याकडे मार्च २००१ च्या पडझडीत सेबीने शॉर्ट सेलिंगवर बंदी आणली आणि त्याच वर्षीच्या जुलैत जुना बदला कायमचा गेला. बड्या संस्थांना अशी विक्री करायची परवानगी २००८ मध्ये मिळाली, आणि शेअर रीतसर उसने घेण्यासाठी वेगळी व्यवस्था उभी राहिली. उसने न घेताच विकून मोकळं व्हायला मनाई आहे. मग २४ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकेच्या हिंडेनबर्ग रिसर्चने अदानी समूहावर अहवाल काढला आणि आपण मंदीच्या बाजूने सौदे केल्याचं त्यातच सांगितलं. समूहाने सगळे आरोप फेटाळले. सप्टेंबर २०२५ मध्ये सेबीने त्यांतल्या काही आरोपांत तथ्य आढळलं नसल्याचे आदेश काढले. तोवर हिंडेनबर्गच्या संस्थापकाने दुकान गुंडाळत असल्याचं जाहीर केलेलं होतं. त्या दिवसांत टीव्हीवर जे ऐकलं त्यात १६०९ चे दोन्ही अर्ज जसेच्या तसे ऐकू येत होते: हे देशाचे शत्रू आहेत, आणि हिशेब दाखवा.

त्या गदारोळात जानेवारी २०२४ मध्ये निघालेल्या सेबीच्या एका परिपत्रकाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्याप्रमाणे बड्या संस्थेने सौदा करतानाच सांगायचं की ही विक्री शॉर्ट आहे. तुमच्या-आमच्यासारख्याने त्या दिवशी बाजार बंद होण्याआधी सांगायचं. दलालांनी कोणत्या कंपनीचे किती शेअर असे विकले गेले ते गोळा करून शेअरबाजाराकडे द्यायचं, आणि बाजाराने दर आठवड्याला ते सर्वांसाठी जाहीर करायचं. ज्याच्याकडे दहाच शेअर आहेत, तोही ते वाचू शकतो.